घर आणि रस्ता यांमधील जागा

काव्य, नाटक आणि कादंबरी यांवर टीका लिहिण्याची आपली परंपरा जुनी आणि पुष्कळ अंशी समर्थ आहे. एखाद्या नवख्या कवीचा पहिला संग्रह बाहेर पडला की चार दिशांनी चार टीकाकार त्याचा समाचार घेण्यास सिद्ध होतात. आणि तो संग्रह फार तर पाचशे घरांत जातो. परंतु जी कृती एकाच वेळी पाचशे कुटुंबांस आपल्या पोटात सामावून घेते, तिच्या गुणदोषांची चर्चा आपल्या मासिकांतून क्वचितच आढळते. पुस्तक आवडले नाही तर मिटून ठेवता येते. नाटक रटाळ निघाले तर दुसऱ्या अंकानंतर उठून जाता येते. पण समोरच्या जागेवर चाळीस मजल्यांचा मनोरा उभा राहिला, तर तो आपणांस आणि आपल्या नातवंडांस रोज सकाळी पाहावाच लागतो. ज्या कृतीपासून सुटका नाही, तिची परीक्षा इतर कृतींहून अधिक कसोशीने व्हावयास हवी, असे आम्हांस वाटते. वास्तुशास्त्राचे शिक्षण आम्ही घेतलेले नाही. परंतु दुसऱ्याने रचलेल्या घरात आम्ही उभे आयुष्य काढले आहे, आणि वाचक या नात्याने टीका करण्यास तेवढा अधिकार पुरेसा आहे.

आमच्यापुढील विषय मुंबईच्या जुन्या वस्त्यांचा आहे. गिरगाव, लालबाग, परळ, दादर आणि माटुंगा या भागांतून आज कोणीही हिंडून आले तर प्रत्येक गल्लीत एखादी इमारत पडत असलेली आणि एखादी चढत असलेली दिसेल. हिरवी जाळी, पत्र्याचे कुंपण, त्यावर परदेशी नावाच्या मनोऱ्याचे चित्र, आणि चित्रात कधी न दिसणारा आरपार निळा आकाशपट! ह्या नव्या रचनेविषयी हळहळ व्यक्त करणारे लेख निघतात, नाही असे नाही. पण ते बहुधा स्मरणरंजनात बुडालेले असतात. ‘चाळीत माणुसकी होती, ब्लॉकमध्ये ती उरली नाही’ हे एक वाक्य सजवून सांगितले की लेखकाचे समाधान होते. हा मार्ग आम्ही पत्करणार नाही, आणि तो का पत्करीत नाही हे प्रथम सांगणे अवश्य आहे.

जुन्या इमारती पडत आहेत त्या कोणा रसिकशत्रूच्या लहरीमुळे नव्हेत. १९४७ च्या भाडेनियंत्रण कायद्याने मुंबईतील घरांची भाडी १ सप्टेंबर १९४० या दिवशी जी होती तेथेच बहुतांशी बांधून ठेवली. महायुद्धोत्तर टंचाईत भाडेकरूस निराधार होऊ द्यावयाचे नाही, हा त्यामागील हेतू स्तुत्य होता. परंतु सिमेंट, लाकूड आणि मजुरी यांचे भाव कायद्यास जुमानीत नाहीत. भाड्यातून दुरुस्ती होईना, म्हणून मालकाने इमारतीकडे पाठ फिरविली. इमारत मालकाची, म्हणून भाडेकरूनेही ती आपली मानली नाही. शेवटी १९६९ च्या कायद्याने सरकारने उपकर बसवून दुरुस्ती मंडळ स्थापिले. त्यानंतरही दर पावसाळ्यात कोठे ना कोठे जिना किंवा छत कोसळल्याची बातमी येतेच. कुजलेल्या तुळईखाली झोपणाऱ्या माणसास ‘तुमच्या इमारतीचे सौंदर्य जपा’ असे सांगणे हा क्रूरपणा होय.

चाळींच्या माणुसकीविषयीही थोडे विवेकाने बोलले पाहिजे. १९२० च्या दशकात सरकारच्या विकास खात्याने वरळी, नायगाव, ना. म. जोशी मार्ग आणि शिवडी येथे मिळून २०७ बी. डी. डी. चाळी बांधल्या. तेथील एकेक खोली सुमारे १६० चौरस फुटांची; संडास मजल्यावर सामाईक. तेवढ्या जागेत तीन पिढ्यांनी संसार केले. चाळीची गॅलरी गजबजलेली असे, कारण आत बसावयास जागा नसे. त्याच गॅलरीतून शेजारच्या तरुण मुलीच्या येण्याजाण्याच्या वेळा मोजल्या जात. रात्री-अपरात्री संडासाच्या रांगेत उभ्या राहणाऱ्या स्त्रीस काय वाटत असेल, हे चाळीच्या विनोदी वर्णनांत सहसा येत नाही. १४ ऑगस्ट २०२५ रोजी वरळीच्या ५५६ कुटुंबांस नव्या इमारतींतील ५०० चौरस फुटांच्या घरांच्या किल्ल्या मिळाल्या, तेव्हा त्यांतील गृहिणींस आनंद झाला असेल तर त्या आनंदास नाक मुरडण्याचा अधिकार आम्हांस नाही.

तर मग टीका कशावर करावयाची? आमचे म्हणणे एवढेच आहे की जुन्या वस्तीतील घरांत, ती कितीही गैरसोयीची असोत, एक अवयव असे, आणि तो नव्या रचनेतून नाहीसा झाला आहे. तो अवयव म्हणजे घर आणि रस्ता यांमधील जागा. ती धड घराची नव्हे, धड रस्त्याची नव्हे. तेथे बसलेला मनुष्य आपल्याच घरात असतो आणि तरी चारचौघांत असतो.

ह्या जागेची रूपे काळाप्रमाणे पालटत गेली. गिरगावातील खोताच्या वाडीत जी काही जुनी घरे उरली आहेत त्यांच्या पुढे गल्लीस लागून व्हरांडा आहे आणि वर जाणारा लाकडी जिना काही घरांना बाहेरूनच आहे. जिन्यावरून उतरणाऱ्यास गल्लीतील माणसाचा रामराम घेतल्यावाचून पुढे जाता येत नाही. कोकणातून आलेल्या माणसाची पडवी आणि देशावरच्या वाड्याचा ओटा यांचीच ती शहरातील बहीण म्हणावयाची. पुढे गिरणगावात घरावर घर चढले तेव्हा ओटा लांब होऊन मजल्यामजल्यावर गेला व त्यास आपण गॅलरी म्हणू लागलो. दादर-माटुंग्यास मध्यमवर्ग राहावयास गेला तेव्हा त्याने संडास व मोरी घरात घेतली, दार बंद करून घेतले, आणि तरीही रस्त्याच्या बाजूस सज्जा ठेवला. निखिल राव यांनी ‘हाऊस, बट नो गार्डन’ ह्या २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या इंग्रजी ग्रंथात १८९८ ते १९६४ या काळातील मुंबईच्या उपनगरी ब्लॉकजीवनाचा इतिहास दिला आहे. संपूर्ण सोयींनी युक्त असा ब्लॉक ही कल्पना आपल्या लोकांनी किती घासाघीस करून, किती शंका काढून पचविली, हे त्यावरून कळते. ह्या घासाघिशीत जे टिकले ते मोलाचे होते, असे समजण्यास हरकत नाही. आणि त्यात सज्जा टिकला होता.

१९३० ते १९५० च्या सुमाराच्या ह्या तीन-चार मजली इमारती आजही हिंदू कॉलनीत, शिवाजी पार्कभोवती आणि माटुंग्यास उभ्या आहेत. कोपऱ्यावर गोलाई घेऊन वळलेले सज्जे, खिडकीवर भुवईसारखी पुढे आलेली पडदी, जिन्याला उजेड देणारी उभी जाळी, जहाजाच्या कठड्याची आठवण देणाऱ्या आडव्या सळ्या, असा त्यांचा थाट आहे. मरीन ड्राइव्हवरील ह्यांच्या श्रीमंत भावंडांस २०१८ साली युनेस्कोने जागतिक वारशात स्थान दिले. दादरच्या इमारती त्यांच्याइतक्या देखण्या नाहीत, हे आम्हांस मान्य आहे. परंतु त्या समजदार आहेत. सज्जात उभा असलेला दुसऱ्या मजल्यावरील मनुष्य खालच्या भाजीवाल्याशी आवाज न चढविता भाव करू शकतो, आणि मूल रस्त्यावर पडले तर ते कोणाचे हे तेथूनच ओळखू शकतो. ह्या अंतराचे एक प्रमाण आहे, आणि ते त्या रचनाकारांस कळले होते.

आता नव्या मनोऱ्याकडे वळू. पदपथावरून चालणाऱ्यास प्रथम दिसते ती भिंत. तिच्यामागे चार, सहा, क्वचित त्याहूनही अधिक मजले केवळ मोटारींचे असतात. त्यांस ‘पोडियम’ म्हणतात. म्हणजे ज्या उंचीवर पूर्वी माणसे उभी राहून रस्त्याकडे पाहत होती, नेमक्या त्याच उंचीवर आता गाड्या विश्रांती घेतात. फाटकावर पहारेकरी असतो. तो नाव, मजला आणि कामाचे कारण विचारतो. पुढे संगमरवरी दालन येते. तेथे कोच मांडलेले असतात, पण त्यांवर बसलेला रहिवासी आम्ही क्वचितच पाहिला. मग लिफ्ट. लिफ्टबाहेर पडले की दोन्ही बाजूंस बंद दारांची, भर दुपारी दिवे लावावे लागणारी बोळ. दार उघडले की घर. घर प्रशस्त असते, स्वच्छ असते, वारा असतो, कधीकधी समुद्रही दिसतो. रस्ता ते घर ह्या संपूर्ण प्रवासात घटकाभर रेंगाळावे अशी एकही जागा लागत नाही. गद्यात पूर्णविराम असतात, तसेच स्वल्पविरामही असतात. ही वास्तू केवळ पूर्णविरामांनी लिहिलेली आहे.

ह्याचा दोष रचनाकाराच्या अभिरुचीस देणे सोपे आहे, पण आमच्या मते ते अपुरे आहे. ह्या मनोऱ्यांचा खरा लेखक नियमावली हा आहे. भूखंडाच्या क्षेत्रफळाच्या किती पट बांधकाम करता येईल ते ठरविणाऱ्या आकड्यास चटईक्षेत्र निर्देशांक म्हणतात. १९९१ च्या नियमावलीत मुंबई शहर विभागासाठी तो सर्वसाधारणपणे १.३३ होता, आणि जुन्या उपकरप्राप्त इमारतींच्या पुनर्विकासास त्याहून पुष्कळ अधिक मिळू लागला. परंतु निर्देशांक किती ह्यापेक्षा त्यात काय मोजतात आणि काय सोडून देतात, हा प्रश्न अधिक निर्णायक आहे. जे मोजले जात नाही ते फोफावते; जे मोजले जाते ते कात्रीखाली येते.

सज्जाची कथा ह्या दृष्टीने बोधप्रद आहे. १९९१ च्या नियमांत ठराविक मर्यादेपर्यंत सज्जा हिशेबाबाहेर होता. तो ठेवण्यास उत्तेजन मिळावे हा उद्देश उघड आहे. पण त्याच नियमांत अधिमूल्य भरून सज्जा बंदिस्त करण्याचीही मुभा होती. मग काय विचारता! फुकट मिळालेला सज्जा काच लावून दिवाणखान्यात घेण्याचा प्रघात पडला. त्याच्या जोडीस फुलझाडांच्या कुंड्यांसाठी म्हणून सोडलेली जागा आणि नाना प्रकारच्या पोकळ्या आल्या, व त्यांचीही विक्री होऊ लागली. ही चोरवाट बंद करण्यासाठी जानेवारी २०१२ मध्ये नियम बदलण्यात आले. सज्जे, फुलझाडांची जागा वगैरे सर्व हिशेबात धरण्यात आले, आणि भरपाई म्हणून निवासी इमारतींस अधिमूल्य घेऊन ३५ टक्के जादा चटईक्षेत्र देण्यात आले. लबाडीस आळा घालणे योग्यच होते. परंतु परिणाम असा झाला की उघडा सज्जा आणि बंद खोली यांची किंमत आता कागदावर सारखीच झाली. सारख्याच किमतीत उघडा सज्जा कोण घेईल? दुसरीकडे, मोटारींसाठी लागणारे मजले मात्र हिशेबाबाहेरच राहिले. एकाच नियमाने माणसाच्या उभे राहण्याची जागा महाग केली आणि गाडीच्या उभे राहण्याची जागा मोकळी सोडली. पोडियम हे ह्या गणिताचे उत्तर आहे; ते कोणाही कलावंताचे स्वप्न नव्हे.

हा केवळ मौजेचा प्रश्न असता तर आम्ही एवढा विस्तार केला नसता. १८९६ साली मुंबईत प्लेग आला आणि त्यातून १८९८ साली शहर सुधारणा ट्रस्ट निर्माण झाला. दादर-माटुंग्याच्या वस्त्या ही त्याचीच आखणी. ह्या ट्रस्टाने प्रकाशाचा एक नियम घालून घेतला होता: खोलीत आकाशाचा उजेड ६३.५ अंशांच्या कोनातून यावा. साध्या भाषेत, समोरची मोकळी जागा जितकी रुंद असेल तिच्या दुपटीहून भिंत उंच नसावी. ट्रस्टाने गरिबांची घरे पाडून त्यांस वाऱ्यावर सोडले, असे अनेक आक्षेप त्यावर आहेत आणि ते खरे आहेत. पण ऊन हे औषध आहे एवढे त्यास समजले होते. पुढे झोपडपट्टी पुनर्वसनाच्या योजना आल्या तेव्हा दोन इमारतींमधील अंतराच्या अटी सवलत म्हणून ढिल्या करण्यात आल्या. २०१८ साली मानखुर्द-गोवंडी भागातील पुनर्वसन वसाहतींचा अभ्यास प्रसिद्ध झाला. ज्या घरांत ऊन आणि वारा कमी पोहोचतो त्यांत क्षयरोग अधिक, असे त्यात दिसून आले. प्लेगाने शिकविलेला धडा आपण सव्वाशे वर्षांनी विसरलो, आणि तो विसरल्याची शिक्षा सवलत देणाऱ्यांस न होता तिच्या आत राहावयास गेलेल्यांस झाली. घर आणि रस्ता यांमधील जागा म्हणजे केवळ गप्पांचा फड नव्हे. ती घराचे नाकही आहे.

येथे कोणी असा आक्षेप घेईल की मुंबईस जमीन नाही, तेव्हा उंच बांधणे प्राप्तच आहे. आणि उंच इमारतीस ओटा कोठून लावणार? ह्या आक्षेपाचे उत्तर शब्दांनी न देता इमारतींनीच देता येते. कंबाला हिलवरील कांचनजंगा ही २८ मजली इमारत १९८३ मध्ये पूर्ण झाली. चार्ल्स कोरिया यांनी तीत प्रत्येक घरास कोपऱ्यावर दुप्पट उंचीचा उघडा मजघर-व्हरांडा दिला. जुन्या बंगल्याच्या भोवती असणारा आडोसा त्यांनी आकाशात नेऊन ठेवला. ती इमारत धनिकांची आहे, हे खरे. पण त्याच कोरियांनी नवी मुंबईत बेलापूर येथे निरनिराळ्या उत्पन्नाच्या लोकांसाठी सात-आठ घरांच्या मध्ये एक लहान सामाईक चौक, अशी वसाहत आखली. तेथे लोकांनी पुढे घरे पाडून, वाढवून, मूळ रूप ओळखू येऊ नये इतकी बदलली. परंतु चौकाची कल्पना अशक्य नव्हती, एवढे तर सिद्ध झाले. मुंबई विद्यापीठात १९१९ साली समाजशास्त्राचे पहिले प्राध्यापक म्हणून आलेले पॅट्रिक गेडिस यांचा तर आग्रहच असे की वस्ती सरसकट न पाडता, सडके तेवढे कापून बाकीचे राखावे. शल्यवैद्याने जसा हात आवरून चालवावा तसा नगररचनाकाराने चालवावा. आपण त्यांस विसरलो नाही. त्यांची नावे अभ्यासक्रमात ठेवली आणि त्यांचे म्हणणे नियमावलीबाहेर ठेवले.

दुसरा आक्षेप अधिक बोचणारा आहे, आणि तो आमच्यावरही लागू पडतो. ही जागा कोणी हिरावून घेतली असे नसून आपणच ती विकली, असा तो आहे. २०१२ साली शिवाजी पार्कचा परिसर वारसा-यादीत घालण्याचा प्रस्ताव निघाला तेव्हा त्यास मोठा विरोध केला तो तेथील रहिवाशांनीच. त्यांस सौंदर्यदृष्टी नव्हती असे म्हणण्याचे धाडस आम्ही करणार नाही. आपल्या इमारतीचे रूप जपावयाचे, पण त्यासाठी लागणारा पैसा मात्र कोणी देणार नाही, हा सौदा त्यांनी नाकारला.

आम्ही स्वतः दादरला अशाच एका तीन मजली इमारतीत राहतो. गेल्या पावसाळ्यापूर्वी आमच्या गच्चीवर भाडेकरूंची सभा भरली. विकासकाकडून आलेल्या मंडळींनी रंगीत नकाशे मांडले. प्रश्न विचारले गेले ते असे: चौरस फूट किती? पार्किंग किती? ठेव किती? बाहेर राहावयाचे तितके महिने भाडे किती? आम्ही विचारले, ‘ह्यात गॅलरी कोठे आहे?’ त्यांच्यातील तरुण आर्किटेक्ट मोठा विनयशील होता. तो म्हणाला, ‘सर, गॅलरी देता येईल, पण ती आपल्याच कार्पेटमधून जाईल.’ सभा हसली. तेव्हा तिसऱ्या मजल्यावरच्या आमच्या शेजारीणबाई, वयाची ऐंशी उलटलेल्या, आमच्याकडे वळून म्हणाल्या, ‘भाऊ, दोन वर्षांत मी दोनदाच खाली उतरले, आणि दोन्ही वेळा खुर्चीवर बसवून चार जणांनी उतरविली. मला आधी लिफ्ट द्या. गॅलरीचे तुमचे तुम्ही पाहा.’

ह्यावर आमच्यापाशी उत्तर नव्हते. आम्ही संमतिपत्रावर सही केली. वाचकांनी हे लक्षात ठेवूनच वरील मजकूर वाचावा. परंतु सही केल्याने टीकेचा हक्क जातो असे आम्ही मानीत नाही. लिफ्ट पाहिजे म्हणून ओटा सोडला पाहिजे, अशी निवड कोणत्या निसर्गनियमाने आपल्यापुढे ठेवलेली नाही. ती एका नियमावलीने ठेवलेली आहे, आणि नियमावली माणसांनी लिहिलेली असल्याने माणसांस बदलता येते. जी गॅलरी सामाईक आहे, एका बाजूने कायमची उघडी आहे आणि कोणासही विकता येत नाही, ती मर्यादित प्रमाणात हिशेबाबाहेर ठेवावी. मोटारींचे मजले रस्त्याच्या तोंडावर न आणता मागे किंवा खाली न्यावेत, आणि समोर दुकान, वाचनालय, निदान बसावयास कट्टा असावा. पुनर्वसनाच्या घरास प्रकाशाच्या कोनात सवलत देऊ नये. गरिबाच्या खिडकीस सूर्य कमी लागतो असे कोणत्याही शास्त्रात लिहिलेले नाही. ह्यांपैकी एकही मागणी मनोऱ्याची उंची कमी करावयास सांगत नाही.

जोपर्यंत नियम बदलत नाहीत तोपर्यंत अशा सभांना बसणाऱ्या आमच्या वाचकांस एकच विनंती आहे. आपल्या घराचा नकाशा पाहून झाल्यावर आणखी दोन नकाशे मागून घ्यावेत: एक तळमजल्याचा, दुसरा लिफ्टबाहेरच्या बोळाचा. बोळात खिडकी आहे काय, आणि तळमजल्यावर माणसास बसावयास जागा आहे काय, एवढेच पाहावे, आणि नसेल तर सही करण्यापूर्वी तसे बोलून दाखवावे. हसे झाले तरी चालेल. आमच्या शेजारीणबाईंना लिफ्ट मिळेल, ह्यात आता शंका नाही. त्या खाली आल्यावर कोठे बसतील, हे अद्याप ठरावयाचे आहे.